ड्युसाबल म्युझियमसाठी मदत हवीय, शिकागोकर मंडळींनो वाचा

मंडळी, लेक शोअर ड्राइव्हवरून आपण सगळेच येतो-जातो, २०२१ पासून त्या नावाला ड्युसाबल जोडलंय, पण हा कोण असं विचारलं की आपल्यातले बरेच जण गप्प. १७८० च्या दशकात शिकागो नदीच्या मुखाशी घर बांधून व्यापार करणारा काळा माणूस तो, शहराचा पहिला रहिवासी म्हणतात त्याला (नेटिव्ह लोक आधीपासून होतेच, ते कुणी मोजत नाही). त्याच्या नावाचं म्युझियम साउथ साइडला वॉशिंग्टन पार्कात आहे, आणि यंदा आपल्या ग्रुपने त्याच्यासाठी पैसे जमवायचं ठरवलंय.

हे म्युझियम कुणा धनदांडग्याने बांधलेलं नाही हां. मार्गारेट बरोज म्हणून शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांनी आणि त्यांचे मिस्टर चार्ल्स यांनी १९६१ मध्ये साउथ मिशिगन अव्हेन्यूवरच्या राहत्या घरातच ते सुरू केलं, ज्या घरात आधी रेल्वेतल्या काळ्या कामगारांचा क्लब होता. पुढे १९७३ मध्ये पार्क खात्याची जुनी बिल्डिंग मिळाली, तिथे पूर्वी पोलिसांचं लॉकअपसुद्धा होतं म्हणे, आणि आता तिथेच काळ्या लोकांचा इतिहास मांडलाय, मला तर हे फारच आवडलं.

आता आपला काय संबंध असं कुणीतरी विचारणारच. अहो, १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना सोडवायला झटलेल्या लोकांना! सोडवणाऱ्यांचे आभार पुण्यात बसून तेव्हाच मानून झाले, पण जे सुटले त्यांनी पुढे काय सोसलं आणि काय उभं केलं ते बघायला आपण इथे राहूनही जात नाही, वीकेंडला आउटलेट मॉल मात्र चुकत नाही.

तर करायचं काय, गणपतीत एकमेकांकडे मिठाईचे डबे आणि गिफ्टा नेतो त्याऐवजी तेवढे पैसे म्युझियमला द्या, थेट त्यांच्या वेबसाइटवरून, आमच्याकडे कॅश नको, हिशोबाची कटकट होते. पावती त्यांच्याकडूनच येईल, टॅक्सला कामाला येते, आणि ज्यांची कंपनी डोनेशन मॅच करते (म्हणजे आपल्या देणगीला जोडून स्वतःचेही पैसे देते) त्यांनी तो फॉर्म आळस न करता भरा. जमलं तर फॅमिली मेंबरशिपच घ्या, म्हणजे पोरांना घेऊन परत परत जाल.

विसर्जनानंतरच्या शनिवारी सगळ्यांनी मिळून जायचंय. सात सीटची गाडी असेल त्यांनी ग्रुपवर आधी कळवा, नेपरव्हिल आणि शॉमबर्गकडच्या आजी-आजोबांना आणायचंय.