गोळीसोबत दोन शब्दही हवेत

महोदय,

संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्झेट सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले, तर रक्तपेशींची निर्मिती मंदावून रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. गोळ्या देताना ‘ही फक्त सोमवारी घ्या’ असे सांगून तो वार पाकिटावर ठळक लिहून देणारा फार्मासिस्ट ही चूक दुकानातच रोखू शकतो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाचे समुपदेशन ही नोंदणीकृत फार्मासिस्टची जबाबदारीच मानली आहे. तरीही आईची औषधे आणायला जातो तेव्हा अनेकदा दुकानात फार्मासिस्ट नसतो, याची मला खरोखर भीती वाटते. अन्न व औषध प्रशासनाने तपासणीत परवान्याइतकीच त्याची प्रत्यक्ष उपस्थितीही पाहावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा