सहाशे फुटांचा बाण आणि चार फुटांचं टेबल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत टेबलटॉप गेम्सवर पानभर लेख आला त्याबद्दल आधी आभार, कारण मी गेली कित्येक वर्षं शनिवारी रात्री ताईच्या डायनिंग टेबलावर चार पोरांना घेऊन नक्की काय करत बसतो याबद्दल आमच्या घरात जो संशय होता तो या लेखामुळे अर्धा तरी गेला. आईने लेख वाचून दाखवला आणि म्हणाली, म्हणजे तुम्ही पत्ते नाही खेळत होय. असो. लेख चांगला होता, तरी पत्र लिहायला बसलोय ते त्यातल्या त्या रंगीत चौकटीमुळे, 'तुमचा तिरंदाज असा घडवा' म्हणून जी होती ती. सुरुवात अर्थातच अर्जुन आणि पोपटाचा डोळा. आपल्याकडे धनुष्य म्हटलं की तो पोपट आलाच पाहिजे, त्या बिचाऱ्याला एकदा सुट्टी द्या.

चौकटीत डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातल्या तिरंदाजाची रेसिपी दिली होती, पहिल्याच लेव्हलला फीट (म्हणजे एक खास कौशल्य) मिळणारा माणूस घ्या, फायटर क्लास (क्लास म्हणजे पात्राचा पेशा, हा लढवय्याचा), हातात लाँगबो (उंच धनुष्य), आर्चरी फायटिंग स्टाइल आणि शार्पशूटर फीट, 'मायनस पाच प्लस दहा डोळे मिटून वापरा' आणि झाला तुमचा बेस्ट तिरंदाज. माझा भाचा अकरावीत आहे, त्याने ती चौकट कापून कॅरेक्टर शीटला स्टेपल केली आणि शनिवारी येऊन मला म्हणाला, मामा, पेपरात आलंय. आता पेपरात आलंय म्हटल्यावर मामाचं कोण ऐकणार?

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी आणला, एक जण गोष्ट चालवतो तो डीएम, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि बाण लागला का नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. फाशावर आलेल्या आकड्यात तुमचा बोनस मिळवायचा, समोरच्याच्या एसीइतका, म्हणजे त्याच्या बचावाच्या आकड्याइतका किंवा जास्त आला तर लागला. बस्स, एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

तर पहिली तक्रार अशी की तुमची रेसिपी जुन्या पुस्तकातली आहे. पाचवी आवृत्ती २०१४ ची, तिच्यात शार्पशूटर खरंच तसा होता, नेमातून पाच वजा करायचे आणि लागला तर दहा जास्त डॅमेज. पण २०२४ मध्ये सुधारित प्लेअर्स हँडबुक आलं त्यात हे मायनस पाच प्लस दहा काढूनच टाकलंय. आता शार्पशूटर घेतला की डेक्स्टॅरिटी (चपळाईचा आकडा) एकाने वाढते, आडोशामागच्या शत्रूला अर्धा किंवा पाऊण आडोशाचा फायदा मिळत नाही, लांबच्या नेमाला तोटा नाही आणि शत्रू अंगाशी आला तरी बाण सोडायला तोटा नाही. शिवाय चौथ्या लेव्हलच्या आधी तो मिळतच नाही. म्हणजे ज्याने आज दुकानातून नवीन पुस्तक आणलं तो तुमची चौकट हातात धरून पानं उलटत बसणार आणि शेवटी म्हणणार की पुस्तकातच छपाईची चूक आहे. आमच्याकडे हेच झालं.

पण समजा जुनंच पुस्तक आहे (आमच्या एका ग्रुपमध्ये अजून तेच चालतं), तरी 'डोळे मिटून' हे चूक आहे, आणि हे मी माझा तिरंदाज घालवून शिकलोय. पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या, डेक्स्टॅरिटी १८ म्हणजे नेमाला बोनस चार, प्रोफिशिअन्सीचे (लेव्हलप्रमाणे वाढणारा सरावाचा बोनस) तीन, आर्चरीचे दोन, एकूण प्लस नऊ. समोर एसी १५ चा गॉब्लिन, म्हणजे एक छोटा राक्षस. साधा बाण फाशावर सहा आला तरी लागतो, म्हणजे ७५ टक्के. शार्पशूटर लावला की अकरा लागतात, ५० टक्के. सरासरी डॅमेज काढलं तर एका साध्या बाणाला साधारण साडेसहा आणि शार्पशूटरच्या बाणाला जवळजवळ साडेनऊ. झालं, लोक इथेच थांबतात आणि म्हणतात बघा. अरे पण गॉब्लिनला हिट पॉइंट, म्हणजे जीव, असतात सात! सात! आठ बाजूंच्या फाशात चार मिळवले की चारातल्या तीन वेळा तो साध्या बाणानेच मरतो, सगळा हिशोब केला तर साधा बाण गॉब्लिनला मारायची शक्यता ५७ टक्क्यांच्या आसपास येते आणि शार्पशूटरची ५०. त्या सरासरीतले वरचे सगळे पॉइंट मेलेल्या गॉब्लिनला परत परत मारण्यात जातात. आणि उलट टोकाला, समोरच्याचा एसी २० झाला की दोन्हींची सरासरी जवळपास सारखी होते, २२ झाला की शार्पशूटर सरळ तोट्यात. तो चालतो मधल्या लोकांवर, ज्यांचा एसी बेताचा पण अंगात जीव भरपूर, ओगर (थोराड राक्षस) वगैरे. डोळे उघडे ठेवूनच वापरायची गोष्ट आहे ती.

मी तेव्हा हा हिशोब केला नव्हता. माझा फायटर एका तळघरात दाराशी उभा, मायनस पाच प्लस दहा चालू, तीन राउंडमध्ये सहा बाण, त्यातला एक लागला, आणि तोही अशा गॉब्लिनला ज्याचा एकच हिट पॉइंट उरला होता. मग बाकीचे अंगावर आले. शत्रू पाच फुटांवर असला की नेमाला डिसॲडव्हान्टेज, दोन फासे टाकायचे आणि लहान आकडा धरायचा, म्हणजे माझे ५० टक्के झाले २५. कमरेला तलवार नव्हती, कारण मी म्हटलं तिरंदाजाला तलवार कशाला. पुढचं सांगत नाही.

आता मुख्य मुद्दा, जो तुमच्या चौकटीत कुठेच नव्हता. तुम्ही लाँगबोचा पल्ला सहाशे फूट म्हणून ठळक अक्षरात छापला. बरोबर आहे, दीडशे फुटांपर्यंत सरळ नेम, सहाशेपर्यंत तोट्याने. पण आम्ही खेळतो ते चौकटीच्या कागदावर, एक इंच म्हणजे पाच फूट. दीडशे फूट म्हणजे तीस इंच, आणि सहाशे फूट म्हणजे एकशेवीस इंच, म्हणजे चांगले दहा फूट. ताईचं टेबल चार फुटांचं. मी भाच्याला टेप आणायला लावली आणि टेबलाच्या कडेपासून मोजून दाखवलं, तर तुमचा सहाशे फुटांचा बाण टेबल संपवून, फ्रिज ओलांडून, थेट स्वयंपाकघरात ओट्यावर मिक्सरला लागतो. ताई म्हणाली मिक्सरला काही झालं तर दोघांनाही जेवण नाही. आमच्या डंजनमधली खोली असते तीस बाय चाळीस फूट, कागदावर सहा इंच बाय आठ इंच. हँड क्रॉसबोचा (एका हातात धरायचं, चाप ओढायचं धनुष्य) सरळ पल्ला तीस फूट म्हणजे कंपासपेटीतली ती छोटी पट्टी असते तेवढा, आणि खरं सांगतो, दहापैकी नऊ मारामाऱ्या त्या पट्टीच्या आतच होतात. म्हणून मी नवीन पोरांना सांगतो, क्लास ठरवायच्या आधी डीएमला एकच विचारा, आपण उघड्या माळावर लढणार आहोत का खोल्यांमध्ये? नुसत्या याच्यावर अर्धं बिल्ड, म्हणजे पात्राची घडण, ठरतं.

नवीन पुस्तकात तर लाँगबोच घ्यायचा असंही राहिलं नाही. आता प्रत्येक शस्त्राला मास्टरी, म्हणजे डॅमेजशिवाय एक जादा करामत, आहे. लाँगबो लागला तर शत्रूचा वेग दहा फुटांनी कमी होतो, म्हणजे जो तुमच्याकडे पळत येतोय तो एक राउंड उशिरा पोचतो, हे माळावर सोन्यासारखं. शॉर्टबो लागला तर त्याच शत्रूवरच्या पुढच्या नेमाला ॲडव्हान्टेज, दोन फासे टाकून मोठा आकडा, ६५ टक्क्यांचे एकदम ८८ होतात. आणि डॅमेजमधला फरक किती, आठ बाजूंच्या फाशाऐवजी सहा बाजूंचा, सरासरी एक पॉइंट. तरीपण सगळ्यांना लाँगबोच पाहिजे कारण चित्रात तो उंच दिसतो. हेवी क्रॉसबो दहा फूट मागे ढकलतो, शेजारी कडा किंवा विहीर असेल तर पोरांना त्यात जो आनंद होतो तो विचारू नका.

क्लासचं म्हणाल तर फायटर बाण जास्त सोडतो, पाचव्या लेव्हलला दोन, अकराव्याला तीन, ज्याला फासे टाकायची हौस आहे त्याने तोच घ्यावा, आणि त्यातला बॅटल मास्टर हा प्रकार घेतला तर हुकलेला नेम वाचवायची एक सोय पण मिळते. रोग (इंग्रजी rogue, लपूनछपून वार करणारा चोरटा) म्हणजे एकच बाण पण त्यावर स्नीक अटॅक, पाचव्या लेव्हलला सहा बाजूंचे तीन फासे जास्तीचे, फक्त तो एक हुकला की अख्खा राउंड मोबाइल बघत बसायचं. स्नीक अटॅकला ॲडव्हान्टेज तरी लागतो नाहीतर शत्रूच्या शेजारी आपला कोणीतरी भिडलेला लागतो, म्हणजे ॲडव्हान्टेज नाही आणि पुढे तलवारवाला मित्रही नाही तर रोग तिरंदाज उपाशी. रेंजरवर लोक हसतात, मी पण हसायचो, पण जंगलात वाट काढणं, माग काढणं, थोडे मंत्र हे सगळं त्याच्याकडे असतं आणि बाण चालत नाही तेव्हाही त्याला काम असतं. फक्त हंटर्स मार्क या त्याच्या मंत्राला कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) लागतं, फटका बसला की ते तुटू शकतं, म्हणून कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणाचा आकडा) आठवर ठेवून सगळे पॉइंट डेक्स्टॅरिटीत ओतणारे रेंजर मला रडतच येऊन भेटतात. आर्केन आर्चर हा फायटरचा जादूगार-तिरंदाज प्रकार नावाने फार भारी आहे, आणि २०१७ च्या पुस्तकात तो आला तेव्हा जादूचे बाण होते एका विश्रांतीला फक्त दोन. पुढे बोलत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. धनुष्याला ताकद लागत नाही, नुसती चपळाई लागते हे या खेळात धरून चाललेलं आहे आणि ते धडधडीत खोटं आहे. इंग्लंडमध्ये मेरी रोझ नावाचं जहाज १५४५ मध्ये बुडालं ते १९८२ मध्ये वर काढलं, त्यात लाँगबो सापडले, ते ओढायला शंभर पाउंडांच्या वर जोर लागत असावा असा अंदाज आहे. खेळातल्या किडकिडीत एल्फच्या (टोकदार कानांच्या वनवासी जमातीतल्या पात्राच्या) हातातून ते वाकलं पण नसतं. तर नवीन पुस्तकात मागच्या दाराने थोडा न्याय झालाय, ग्रेट वेपन मास्टर ही फीट कुऱ्हाडवाल्यांची म्हणून ओळखली जाते पण ती आता कुठल्याही हेवी शस्त्राला चालते आणि लाँगबो हेवी आहे! प्रोफिशिअन्सीएवढं डॅमेज वाढतं, पाचव्या लेव्हलला तीन. अट एवढीच की चौथी लेव्हल आणि स्ट्रेंग्थ (ताकद) १३ पाहिजे. पात्र बनवताना गुणांवर वाटायला मिळणाऱ्या २७ पॉइंटांत डेक्स्टॅरिटी १५ ला नऊ, कॉन्स्टिट्यूशन १४ ला सात, स्ट्रेंग्थ १३ ला पाच, म्हणजे एकवीस गेले, उरलेल्या सहात विस्डम १२ आणि इंटेलिजन्स १०, करिश्मा आठवर राहतो, मग हा तिरंदाज बोलायला लागला की गावकरी निघून जातात, पण दंड भरलेले. मला हा फार आवडतो. हे तुमच्या चौकटीत आलं असतं तर मी कापून ठेवलं असतं.

आणि बाण! बाण मोजायचे का नाही हे कोणीच लिहीत नाही. भात्यात वीस बाण, पाचव्या लेव्हलचा फायटर राउंडला दोन सोडतो, राउंड असतो सहा सेकंदांचा, म्हणजे दहा राउंड, म्हणजे एका मिनिटात भाता रिकामा. मारामारी संपल्यावर शोधले तर निम्मे परत मिळतात. बरेच डीएम हे सोडून देतात, मी सोडत नाही, पेन्सिलने रेघा मारायला लावतो, पाचवी रेघ आडवी. पोरं वैतागतात, पण शेवटचे तीन बाण राहिले की टेबलावर जी शांतता होते ती दुसऱ्या कशानेही होत नाही.

भाच्याने शेवटी घेतलं काय, तर वुड एल्फ रेंजर. एवढा सगळा हिशोब ऐकून, टेपने स्वयंपाकघर मोजून, वुड एल्फ रेंजर, कारण त्याला म्हणे झाडात लपायचंय. मी काही बोललो नाही. शॉर्टबो घेतला हे मात्र माझं ऐकलं, कॉन्स्टिट्यूशन १४ ठेवलं, आणि कमरेला दोन शॉर्टस्वोर्ड न सांगता लिहिल्या. तुमची चौकट अजून शीटला स्टेपल केलेली आहे, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला तो बाणांच्या रेघा मारतो, परवाच्या खेळाला सतरा झाल्या.

तेव्हा पुढच्या रविवारी 'शार्पशूटरची माहिती २०१४ च्या पुस्तकातली होती' एवढी दोन ओळींची दुरुस्ती छापाल तर बरं होईल, मला पेपरचं कात्रण म्हणून दाखवता येईल.

कळावे,
आपला एक वाचक, डोंबिवली पूर्व