पुडीला नोंदवही नाही: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

पूर्वपरवानगीशिवाय आयुर्वेदिक औषधांची जाहिरात करता येणार नाही, असं सांगणारा औषध नियमांतला नियम क्र. 170 डिसेंबर 2018 मध्ये आला. ऑगस्ट 2023 मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना कळवलं, त्याखाली कारवाई करू नका. जुलै 2024 मध्ये नियमच वगळला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, पण 2025 मध्ये खटला मिटला आणि स्थगितीही उठली. हे केंद्राचं, असं आपण म्हणाल. जडीबुटीची पुडी मात्र आपल्याच राज्यात, आमच्या औषधांच्या दुकानांसमोर भरणाऱ्या आठवडा बाजारात विकली जाते.

खाजकुयलीचंच घ्या. कोकणात ती कुंपणावर चढते आणि तिचं बी ‘कौंचबीज’ म्हणून ताकदीसाठी खपतं. त्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतं, ज्याचं मेंदूत डोपामिन हे संदेश पोचवणारं रसायन बनतं. प्रमाण साधारण 4 ते 6 टक्के. म्हणजे 5 ग्रॅम पुडीत 200 ते 300 मिलीग्रॅम. कंपवाताच्या नेहमीच्या गोळीत ते 100 मिलीग्रॅम असतं, सोबत कार्बिडोपा. पुडीत कार्बिडोपा नसल्याने मेंदूत कमी पोचतं, हे खरं. बी दुधात उकळून शुद्ध केलं तर प्रमाणही घटतं. पण किती, हे डब्यावर कोण छापतो? रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची गोळी चालू असलेल्याने ही पूड घेतली की गोळी डोपामिनला अडवते आणि पूड ते वाढवते. झोप उडते, संशय, भास परत येतात. डॉक्टर डोस वाढवतात, घरचे पुडी वाढवतात. शेवटी ‘बाहेरचं’ ठरतं आणि कौल लावायला नेतात.

अश्वगंधाही निरुपद्रवी नाही. काहींत ती थायरॉइडचं संप्रेरक वाढवते. थायरॉइडची गोळी आधीच चालू असेल तर धडधड, थरथर, निद्रानाश, आणि त्याला नाव पडतं ‘टेन्शन’. झोपेच्या गोळीबरोबर घेतली की गुंगी आणखी वाढते. काही रुग्णांत उन्मादाची नोंद आहे. सर्पगंधेतलं रेसर्पिन मेंदूतले सेरोटोनिन आणि डोपामिनचे साठे रिते करतं. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा गुण छापून मांडला. उदासीचा इशाराही जुनाच आहे.

सगळ्यांत वाईट ती गुडघेदुखीची पुडी. लावणीच्या दिवसांत कंबर धरलेल्या माणसाला दोन दिवसांत उतार पडला तर तिथे मुळीपेक्षा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या भेसळीचा संशय आधी घ्यावा. भूक वाढते, चेहरा सुजतो, बडबड वाढते, पहाटे तीनला माणूस अंगण झाडतो. तीन आठवड्यांहून जास्त घेऊन एकदम बंद केली तर उलट्या, गळाठा, रक्तदाब खाली, खोल उदासी. कारण शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. म्हणून ‘बंद करा’ एवढं सांगून भागत नाही. डॉक्टरांनी डोस उतरवत न्यावा लागतो. पण किती उतरवणार, मुळात किती होतं हेच ठाऊक नसताना?

आणि आम्ही? अल्प्राझोलाम या चिंतेवरच्या गोळीच्या एका पट्टीसाठी वेगळी नोंदवही: रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, प्रमाण. ती वही 3 वर्षं जपायची, निरीक्षक आले की उघडून दाखवायची. एक रकाना रिकामा राहिला तर आम्ही गुन्हेगार. समोर चादर अंथरून बसलेल्याला ना वही, ना बिल, ना फार्मसिस्ट. ऑनलाइन डब्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ आणि जाहिरातीत ‘नैराश्यावर रामबाण’. कायद्याने ते अन्न! मग पेज-भाकरीच्या बाजूला वाढा की.

गावात गाऱ्हाणं घातलं तर निदान मागून ‘व्हय म्हाराजा’ तरी म्हणतात. मंत्रालयात आवक क्रमांक मिळतो.

बाजारातल्या पुड्यांचे नमुने पावसाळ्याआधी घ्या आणि स्टिरॉइडसाठी तपासा. अहवाल विक्रेता पुढच्या बाजाराला पोचायच्या आत द्या. डब्यावर मानसिक आजाराच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांबाबतचा इशारा मराठीत, वाचता येईल एवढ्या टायपात छापायला लावा. दुष्परिणाम कळवायचा 1800-180-3024 हा क्रमांक प्रत्येक आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवा. मंत्र्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांना जागा मिळते, त्याच भिंतीवर. आणि केसपेपरवर एक ओळ वाढवा: ‘पुडी, चूर्ण, काढा काय घेता? डबा घेऊन या.’

आपले,
नोंदवही भरणारे काही औषधविक्रेते
सिंधुदुर्ग