भाकीत खोटे ठरले, तरी प्रेषित खरा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जगातील धर्मांवरच्या लेखात ज्यू धर्मातील प्रेषितांची ओळख ‘भविष्य सांगणारे सिद्धपुरुष’ अशी एका वाक्यात उरकली आहे. बाकी लेख वाचनीय असला तरी हे वाक्य पटत नाही.

बायबलमधल्या योना या प्रेषिताचेच घ्या. निनवे नगरीला तिच्या नाशाची वार्ता दे, असा देवाचा हुकूम होताच हे महाशय उलट दिशेला, तार्शीशच्या जहाजात जाऊन बसले. वाटेतले वादळ आणि त्याला गिळणारा मासा सर्वांना ठाऊक असतात, पण खरी गंमत पुढे आहे. ४० दिवसांत नगर उलथेल असे तो अखेर जाऊन सांगतो. राजासकट सारे शहर पश्चात्तापाने गोणपाट नेसते, उपास धरते आणि देव नाश टाळतो. भाकीत सपशेल खोटे! योना रुसून शहराबाहेर बसतो. त्याला सावली देणारा वेल एका रात्रीत वाढतो आणि सुकतो, तेव्हा तो त्यावरही चिडतो. मग देव विचारतो, तुला या वेलाची हळहळ वाटते, तर मला १,२०,००० हून जास्त माणसांची आणि एवढ्या गुराढोरांची वाटू नये? योनाचा ग्रंथ या प्रश्नावरच संपतो आणि योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी दुपारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, तो वाचला जातो. भविष्य अचूक वर्तवणे हेच प्रेषिताचे काम असते, तर हा ग्रंथ एव्हाना अडगळीत पडला असता.

चमत्कारांचेही तेच. कुणी चिन्ह दाखवले आणि ते खरेही झाले, पण तो परक्या दैवतांमागे चला म्हणू लागला, तर त्याचे ऐकू नका, अशी तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातच ताकीद आहे. लोकांनी मोशेवर, म्हणजे ज्यूंच्या सर्वांत थोर प्रेषितावर, विश्वास ठेवला तो चमत्कार पाहून नव्हे, असे १२व्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने स्पष्ट लिहून ठेवले.

शिवाय प्रेषित हा देव आणि माणसे अशा दोन्हीकडचा निरोप्या असतो. लोकांनी सोन्याचे वासरू करून पुजले, त्या प्रकरणानंतर मोशे देवालाच सांगतो, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझे नाव खोडून टाक. नाथान हा प्रेषित तर राजाच्या दरबारातला माणूस. गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट ऐकून दावीद राजा संतापतो, तेव्हा नाथान त्याच्या तोंडावर म्हणतो, तो माणूस तूच. आपल्याच सैनिकाला, उरीयाला, मारवून त्याची बायको घेणाऱ्या राजाला हे ऐकवायला छाती लागते.

आमच्या अलिबागकडे मात्र चित्र थोडे वेगळे, हे मान्य करायला हवे. बेने इस्रायली मंडळी, म्हणजे कोकणातले ज्यू, एलियाहू हनाबी या प्रेषिताला नवस बोलतात, तो फेडताना गोड पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करतात. इथल्याच खंडाळा गावच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. ही लोकांची माया झाली, शास्त्र निराळे. लेखकाने या दोहोंची गल्लत केली आहे. पुढच्या लेखात खंडाळ्यालाही जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, अलिबाग