मोकळी सत्रे तालमीला द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की नाशिकच्या हौशी संघांची एकच शोधाशोध सुरू होते. तालमीला जागा कुठे मिळेल? कुणी ओळखीने शाळेचा वर्ग मिळवतो, कुणाला सोसायटीचा हॉल मिळतो, कुणाचे देवळाच्या सभामंडपात भागते. बाके भिंतीला सरकवायची, खडूने रंगमंच आखायचा, इथे दार आणि तिथे खिडकी आहे असे मानायचे आणि नाटक बसवायचे. संवाद पाठ होतात, हालचाली बसतात. खऱ्या रंगमंचावर पाय पडतो तो मात्र थेट प्रयोगाच्या दिवशी.

मी बरीच वर्षे हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, म्हणून तो दिवस जवळून पाहतो. सकाळी टेम्पोतून नेपथ्य उतरते, ते उभे राहीपर्यंत दुपार होते. मग शिडी लावून एकेक स्पॉट फोकस करायचा, डिमरवर तीव्रता ठरवायची, संगीताची पातळी बघायची. तांत्रिक तालीम निम्म्यावर असतानाच रंगभूषेची वेळ होते. वर्गात दोन पावलांत होणारी एन्ट्री इथे विंगेतून सहा पावलांची असते. वाक्य संपते तरी नट प्रकाशात आलेला नसतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला आवाज किती लावावा लागतो, हे पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या मुलीला तिसरी घंटा झाल्यावर कळते. मग ती कमी पडली असे सगळे म्हणतात. तिला रंगमंच आधी मिळालाच नव्हता, हे कुणी विचारात घेत नाही.

दुसरीकडे नाट्यगृहांचे वेळापत्रक पाहा. सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रे. शनिवार-रविवारी व्यावसायिक नाटके, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने, अधूनमधून सत्कार आणि मेळावे. या तारखांना हात लावा असे माझे म्हणणे नाही. नाट्यगृहाचा खर्च त्यातूनच निघतो. पण आठवड्याच्या मधल्या वारांची, विशेषतः पावसाळ्यातली, सकाळची सत्रे बऱ्याचदा रिकामी जातात. तीच तालमीला मागावीत, तर भाडे प्रयोगाचेच. वर्गणी काढून नाटक करणाऱ्या संघाला ते कसे परवडावे?

माझी महापालिकेला विनंती साधी आहे. आठ दिवस आधीपर्यंत ज्या सत्राला मागणी आली नाही, ते नोंदणीकृत हौशी संस्थांना नाममात्र शुल्कात तालमीसाठी द्यावे. वातानुकूलन बंद, प्रेक्षागृहातले दिवे बंद, फक्त रंगमंच. तालमीला तेवढेच लागते आणि विजेचा मोठा भार तर वातानुकूलनाचाच असतो. वीजतंत्रज्ञाचा त्या वेळेचा मेहनताना संस्थेने द्यावा, अनामत ठेवावी, रंगमंचावर खिळा ठोकू नये, जाताना झाडून जावे. एकापेक्षा जास्त अर्ज आले तर चिठ्ठ्या टाकाव्यात, म्हणजे तेच दोन संघ सगळी सत्रे घेणार नाहीत. मोकळ्या सत्रांची यादी नाट्यगृहाच्या फलकावर सगळ्यांना दिसेल अशी लावावी. उत्पन्न बुडेल म्हणावे, तर रिकाम्या सत्रातून आज येते काय?

सकाळच्या सत्राचा आग्रह धरण्याला आणखी एक कारण आहे. आमचे कितीतरी कलाकार सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जातात. ते सकाळीच मोकळे असतात. गृहिणींना आणि मुलींना रात्री अकराला लांबच्या शाळेतून एकटे परतावे लागते, त्यापायी चांगल्या अभिनेत्री नाटक सोडतात. हे मला फार लागते. महापालिकेचे कालिदास कलामंदिर हे नाट्यगृह शालिमारला आहे, तिथे शहराच्या सगळ्या भागांतून बस येते. भाभानगरचे दादासाहेब गायकवाड सभागृहही सोयीचे आहे.

नाट्यगृह वापरात राहिले तर टिकतेही. बंद वास्तूत पावसाळ्यात पडद्यांना बुरशी धरते, उंदीर वायरी कुरतडतात. रोज रंगमंचावर वावरणाऱ्याला तापलेला सॉकेट लगेच कळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह एका रात्रीत आगीत गेले, तेव्हा तिथले कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. कारण काहीही असो, जाणत्या माणसांची नजर सतत रंगमंचावर असणे ही वास्तूची राखणच आहे.

कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर यांचे हे गाव. १९५० साली तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, पुढाकाराने इथे लोकहितवादी मंडळ ही सांस्कृतिक संस्था उभी राहिली, ती हौशी माणसांच्याच बळावर. स्मार्ट सिटी योजनेतून कालिदासचे नूतनीकरण झाले, त्यावर नाशिककरांच्या कराचा पैसा लागला आहे. तो रंगमंच बाहेरून येणाऱ्या नाटकांना मिळतो याचा आनंदच आहे. इथल्या माणसांनाही त्यावर चुकायला आणि सुधारायला वेळ मिळावा.

या पावसाळ्यात एका नाट्यगृहात तीन महिने हा प्रयोग करून पाहावा. तालमीच्या सत्राचा दर महापालिकेने जून उजाडण्याआधी जाहीर केला, तर संघांना आपापल्या तारखा ठरवता येतील. वीजबिलाचा वाटा उचलायला आम्ही तयार आहोत.

आपला,
एक रंगकर्मी, इंदिरानगर, नाशिक