ड्रेसिंगच्या बिलात वस्तूंची नावे लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खासगी रुग्णालयाच्या बिलात ‘ड्रेसिंग किट’ किंवा ‘कन्झ्युमेबल्स’ (वापरून टाकून द्यायच्या वस्तू) एवढीच ओळ लिहून तिच्यापुढे ठोक रक्कम मांडण्याची पद्धत यवतमाळ जिल्ह्याच्या ग्रामीण भागात इतकी रुळली आहे की, त्या ओळीत नेमके काय दडले आहे हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे, असे रुग्णाच्या नातेवाइकांनाच वाटू लागले आहे. या एका ओळीमुळे विमा असूनही शेतकरी कुटुंबांच्या खिशातून हकनाक पैसे जातात, म्हणून हे पत्र.

मी मूळचा घाटंजी तालुक्यातला असून नागपुरात अमेरिकी रुग्णालयांच्या बिलांना सांकेतिक क्रमांक देण्याचे, म्हणजे मेडिकल कोडिंगचे काम करतो. तिकडे जखम धुण्याच्या साध्या सामग्रीलाही स्वतंत्र क्रमांक असतो. निर्जंतुक पाणी किंवा सलाईनसाठी ए-४२१७ हा क्रमांक असून त्याचे एक एकक ५०० मिलीलिटरचे धरतात. तीन लिटर वापरले तर सहा एकके लिहावी लागतात. जखम धुण्याच्या सिरिंजचा क्रमांक ए-४३२२, तर लहान आकाराच्या निर्जंतुक गॉजचा ए-६४०२. ड्रेसिंग किती जखमांवर केले, हे दाखवणारे ए-१ ते ए-९ असे जोडसंकेतही आहेत. अमेरिकेची व्यवस्था रुग्णाला स्वस्त पडते असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. तिथल्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेत तर ड्रेसिंगच्या लाभाखाली जखम धुण्याच्या द्रावणाचे पैसे मिळतच नाहीत. पण तो नकारही नावानिशी येतो. कोणती वस्तू, किती नग आणि का नाकारली, हे कागदावर राहते.

आपल्या भागातल्या जखमा कशा असतात, हे वाचकांना सांगायला नको. मळणी यंत्रात सापडलेला हात, वखराची पास लागलेला पाय, बैलाने मारलेले शिंग, आणि सर्वांत चिवट म्हणजे मधुमेही माणसाच्या तळव्यात काटा रुतून झालेले व महिनोन्‌महिने न भरणारे व्रण. अशी जखम भरून यायची तर ती आधी नीट धुतली गेली पाहिजे, आणि ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक सलाईन सिरिंजने दाब देऊन मारले, तर आतली माती आणि सुट्या झालेल्या मेलेल्या पेशी बाहेर पडायला मदत होते. हाड बाहेर आलेल्या अस्थिभंगात तर तीनपासून नऊ लिटरपर्यंत सलाईन वापरण्याचा प्रघात आहे. त्यामुळे बिलात सलाईनच्या डझनभर बाटल्या दिसल्या म्हणजे लूट झाली, असा निष्कर्ष कोणी काढू नये. बाटली एकदा उघडली की तिच्या निर्जंतुकपणाची हमी उरत नाही, म्हणून उरलेले द्रावण फेकून पूर्ण बाटलीचे पैसे लावणेही रास्तच आहे. प्रश्न वेगळा आहे. तीच उघडी बाटली दिवसभर चार खाटांवर फिरली आणि चौघांच्याही बिलात लागली, तर ‘ड्रेसिंग किट’ या ओळीवरून ते कळायला कोणताच मार्ग नाही.

आता विम्याचे पाहू. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, कोणत्या किरकोळ वस्तूंचे पैसे कसे धरायचे याच्या चार याद्या ठरवून दिल्या असून त्या बहुतेक पॉलिसींच्या पुस्तिकेत शेवटी छापलेल्या असतात. पहिल्या यादीतील ६८ बाबींचे पैसे, पॉलिसीत तशी खास सोय नसेल तर, रुग्णालाच भरावे लागतात. हातमोजे या यादीत आहेत, क्रेप बँडेज (ताणून गुंडाळायची लवचीक पट्टी) आहे, आणि ‘तपशील न दिलेले कोणतेही किट’ अशी एक स्वतंत्र नोंदही आहे. तिसऱ्या यादीत गॉज, कापूस, सुती बँडेज आणि चिकटपट्टी येतात. हा खर्च शस्त्रक्रियेच्या किंवा उपचारप्रक्रियेच्या शुल्कातच धरलेला असतो, त्यामुळे तो वेगळा आकारायचा नसतो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि जंतुनाशके चौथ्या यादीत, म्हणजे उपचाराच्या खर्चात समाविष्ट आहेत. सलाईनचे नाव मात्र या चारही याद्यांत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध म्हणून त्याचे पैसे विम्यातून मागता येतात.

याचा अर्थ असा की, सलाईन, गॉज, पेरॉक्साइड आणि हातमोजे एकत्र करून ‘ड्रेसिंग किट’ लिहिले की, विम्यातून मिळण्याजोगे सलाईन, शुल्कात आधीच आलेले गॉज आणि रुग्णाने भरायचे हातमोजे या तिघांची एकच मोट बांधली जाते आणि पहिल्या यादीतील त्या एका नोंदीवर बोट ठेवून कंपनी सगळी रक्कम कापते. रुग्णालयाचे काही जात नाही, कंपनीचेही जात नाही. नुसते ‘बँडेज’ असे लिहिले, तरी ते सुती की क्रेप हे कंपनीतला लिपिक ठरवणार, आणि तो कोणत्या बाजूने ठरवेल हे सांगायला ज्योतिषी नको.

माझ्या काकांच्या पायाच्या व्रणाबाबत हेच घडले. तालुक्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयाने रोजच्या ड्रेसिंगची रक्कम एका ओळीत लिहिली आणि कंपनीने ती संपूर्ण नाकारली. आम्ही वस्तुनिहाय तपशील मागितला, तेव्हा प्रथम ‘असे कोणी मागत नाही’ हे उत्तर मिळाले. पाठपुरावा केल्यावर तपशील हाती आला आणि तो पाठवल्यानंतर सलाईनचे पैसे मंजूर झाले. पुतण्या याच धंद्यात असल्यामुळे काकांचे काम झाले. ज्यांच्या घरी बिल वाचणारे कोणी नाही, त्यांनी काय करायचे?

ज्यांचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतो, त्यांचा मामला खरे तर सरळ आहे. योजनेच्या पॅकेजमध्ये औषधे आणि उपचाराची सामग्री धरलेली आहे, तसेच घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही. तरीही ‘एवढे सलाईन बाहेरच्या मेडिकलमधून घेऊन या’ अशी चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती दिली जात असेल, तर तो खर्च रुग्णावर टाकता येत नाही आणि १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते. अशी चिठ्ठी आणि मेडिकलची पावती फेकून देऊ नये.

छोट्या रुग्णालयाचे डॉक्टर म्हणतील की, रात्री एकच सिस्टर चार खाटा सांभाळते, तिने जखमा धुवायच्या की गॉजचे तुकडे मोजायचे? अडचण खरी आहे, पण अर्धीच. रुग्णालयाला लागून असलेल्या मेडिकलच्या संगणकातून प्रत्येक बाटलीचा बॅच क्रमांक, मुदत आणि किंमत यांसह पावती निघतच असते. ही माहिती रुग्णालयाच्या अंतिम बिलात येईपर्यंत गळून पडते, एवढेच. ती पावती बिलाला जोडली, तरी निम्मे काम होते. रुग्णांना रुग्णालयाच्याच मेडिकलमधून खरेदी करण्याची सक्ती होते, या प्रश्नावरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले आहे. महाराष्ट्र शासन त्यावर विचार करील, तेव्हा बिलाचा नमुनाही त्यातच ठरवावा, अशी माझी विनंती आहे. शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीच्या २०२१च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची तरतूद आधीच आहे. दरपत्रकात ड्रेसिंगचा दर लिहिताना त्यात कोणत्या वस्तू धरल्या आहेत, एवढे सांगण्याची अट नोंदणी देणाऱ्या जिल्हा यंत्रणेने घालावी.

वस्तूचे नाव, माप, नग, दर आणि वापरल्याची तारीख असे पाच रकाने असलेला अर्ध्या पानाचा तक्ता यासाठी पुरेसा आहे. दहा-पंधरा खाटांच्या रुग्णालयांना त्यापायी नवे सॉफ्टवेअर विकत घ्यायला लावू नये. मात्र डॉक्टरांची सही-शिक्का असलेला हाताने भरलेला तक्ता विमा कंपन्यांनी ग्राह्य धरावा, असे इर्डाने त्यांना स्पष्ट कळवावे.

आपला,
एक वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ