मंत्रिमहोदय, डबा अजून फ्रीजरमध्येच आहे

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

"परवा माणूस पाठवतो, डबा जपून ठेवा," असं आपल्या खात्यातल्या साहेबांनी सांगितल्याला आज 23 दिवस झाले. डबा जपून ठेवलाय. त्यात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, उरलेलं सुकं आहे. बायको तेव्हापासून फ्रीजरला हात लावत नाही.

ती मालवणची. बर्फातल्या तिसऱ्या नागपुरात दिसल्या, म्हणून हौसेनं केल्या. तिचा सोमवार होता, म्हणून ती वाचली. मला जेवून अर्धा तास होत नाही तोच ओठांना मुंग्या आल्या. वाटलं, तंबाखू-सुपारीच्या खर्र्यातला चुना लागला. (हो, खातो. तुमच्या बंदीत आरामात मिळतो.) मग जीभ जड झाली. दवाखान्यात निघताना शर्टाचं बटण लावायला गेलो, तर बोटांना काजच सापडेना. दोन दिवस व्हेंटिलेटरवर होतो, पण ऐकू सगळं येत होतं, अगदी बिलाची कुजबुजसुद्धा. डॉक्टर म्हणाले, लक्षणं शैवालाच्या विषाची दिसतात, यावर उतारा नाही, विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवायचा.

आणि आपले साहेब म्हणाले, "नीट शिजवलं नसेल काका. अन् नागपुरात राहून हे खाल्लंच काहून?"

साहेब, हे विष शिजवून जात नाही, गोठवूनही नाही. शिंपला समुद्राचं पाणी गाळून पोट भरतो. पाण्यात विषारी सूक्ष्म शैवाल माजलं की ते विष त्याच्या मांसात साठतं. ना वास, ना वेगळी चव. तामिळनाडूत 1981 साली तीन माणसं गेली, केरळात विझिंजमला 1997 मध्ये सात. त्यांनीही कच्चं खाल्लं होतं का? युरोपात किलोमागे 800 मायक्रोग्रॅमच्या वर हे विष निघालं की माल विकता येत नाही. मर्यादा आपल्याकडेही तेवढीच आहे, कागदावर. आमच्या बाजारातल्या टोपलीपर्यंत तो कागद पोचलेला मी तरी पाहिला नाही.

आम्ही उपराजधानी, तेव्हा आमची तपासणीही उपच असणार. हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार इथे येतं, सावजी हाणतं, संत्र्यांच्या पेट्या घेऊन परततं. आम्ही अर्ज घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. मासळी एका खात्याची, बाजार महापालिकेचा, विष तुमचं. मरायला तेवढी एक खिडकी योजना आहे.

मागणी एकच. माणूस पाठवा. परवा चार तास लाइट गेली होती, डब्यातला बर्फ अर्धा सुटला. घराची बेल बिघडलीय, दार वाजवायला सांगा.

आपला,
एक नागपूरकर